रेघ तेवढी पोचली न्हाय

मॅडम मनल्या, तुझ्या कामाचं लिही, आमच्या दिवाळी अंकात घेऊ. म्या मनलं, मॅडम, मी नववी शिकलेली, मला शुद्ध लिहिता येत न्हाय. त्या मनल्या, बोलतीस तसंच लिही, मी एक अक्षर बदलनार न्हाय. मंग लिहायलेय. लेकरू दुकानात मागच्या बाजूला झोळीत झोपलंय, ते उठायच्या आदी व्हायला पायजे, मनून मी दम घेत न्हाय, तुमी बी घेऊ नका.

येरमाळ्याच्या स्टँडसमोर जब्बारमामूचं ऑनलाइनचं दुकान हाय. झेरॉक्स, फोटो, फॉर्म भरनं, समदं चालतं. मामू फॉर्मचं बघतेत, मी ईमेल लिहून देते. लोकायला नवल वाटतं, आता समद्यायकडं मोबाइल हाय, मेल लिहून घ्यायला कोन येतंय. येतात. घरच्यायसंगं बोलायचं असलं की फोन हाय, पन साहेबासंगं बोलायचं असलं की साहेब मनतो मेल करा, आन् मेल मनलं की चांगली चांगली मान्सं मोबाइल दुसऱ्याच्या हातात देतेत. मला बी द्यावा वाटतो. पन मी खुर्चीच्या आतल्या बाजूला बसलेली असते, मनून त्यायला वाटतं हिला समदं येतंय.

मला पाठवायच्या बटनाचं लई भ्या हाय. रोज दाबते तरी हाय. दाबलं की गेलं, रस्त्यात गाठून माघारी आनता येत न्हाय. म्या पयल्या दिवशी हे मामूला बोलून दाखवलं तर ते मनले, "बेटी, डरने का नै. भेजने के बाद भी नीचे काली पट्टी आती, थोडी देर रहती. उसमें वापस लेने का लिखेला रहता." तवापासून मी मेल पाठवला की त्या काळ्या पट्टीकडं बघत बसते. ती हाय तवर आपल्या हातात हाय. ती गेली की मंग श्वास सोडते.

आता काम काय असतं ते सांगते. जिथं लिहायचं त्या चौकटीच्या खाली इंग्रजी अक्षराच्या बटनाची एक ओळ असती. बी दाबलं की अक्षर जाड व्हतं, आय दाबलं की तिरपं, यू दाबलं की खालनं रेघ. ए दाबलं की रंग निवडता येतो. आन् एक एस असतो, त्याच्या पोटातनं आडवी रेघ गेलेली. तो दाबला की लिहिलेल्या शब्दाच्या पोटातनं बी तशीच रेघ जाती. मंजी खोडलं, पन खाली काय लिहिलं होतं ते वाचता येतंय. ह्या एसचं पुढं लई सांगायचंय.

ही बटनं वाटतेत तेवढी गरीब न्हाईत. ते जाड करायचं बी एकदा दाबलं की धरूनच बसतंय. 'आदरणीय साहेब' जाड केलं, एन्टर मारून खाली आलं, तर खालचं बी जाडच. आन् व्हॉट्सॅपवरनं मजकूर उचलून आनून चिकटवला की त्याच्या संगं त्याचा समदा संसार येतो. त्याचं माप येतं, त्याचा रंग येतो, मागचा भुरका पट्टा येतो. कॉलेजातली एक पोरगी मैत्रिनीचा नोकरीचा अर्ज तसा उचलून घेऊन आली, आन् फकस्त नाव आपलं घातलं. अर्ज समदा बारीक आन् नाव तेवढं ढेंगभर. लांबनं बघून बी कळत होतं की हे नाव ह्या घरचं न्हवं. त्याला औषध हाय, एक फुली मारलेलं बटन असतं, मजकूर धरून ते दाबलं की रंग, जाडी, रेघ, समदं उतरून जातं आन् साधी काळी अक्षरं उरतात. पोरीचं काम झालं. मला मातर त्या बटनाचं बी भ्या वाटतं. एवढं नटवलेलं एका दाबात उघडं पडतं.

गिऱ्हाइकं एकेक असतात. तुळजापूरचे एक काका यायचे, कारकुनी करून रिटायर झालेले, धोतर, टोपी, बोलनं एकदम सुद्द. त्यायची कसली तरी तक्रार होती. ते मनायचे, "सगळं जाड कर." म्या मनलं, काका, समदंच जाड केलं तर मंग कायच जाड दिसत न्हाय. ते इचार करून मनले, "मग मोठं कर." मोठं केलं. मंग मनले लाल कर. मंग मनले खाली रेघ मार. शेवटाला ती तक्रार येडाई देवीच्या जत्रंतल्या पाटीवानी दिसायली. काका स्क्रीनकडं बघून लई शांत झाले आन् मनले, "आता वाचतील." त्यायला उत्तर आलं. एका ओळीचं, आन् एवढं बारीक की त्यायला चष्म्यावर चष्मा धरून वाचावं लागलं. 'आपला मेल मिळाला.' काका मनले, बघ, मिळाला. लाल केल्याचा उपयोग झाला.

दुसरे बेंबळीचे एक बाबा. लेकीचं लगीन जमलेलं, पुन्याला साहेब असलेल्या पुतन्याला कळवायचं. मी लिहून वाचून दाखवलं. ते ऐकत न्हवते, बघत होते. मनले, पोरी, लगनाचं काळ्या अक्षरात धाडतीस व्हय. मला कळंना. मंग त्यायनी सांगितलं, पयल्या काळी चांगल्या बातमीच्या कार्डाला चारी कोपऱ्यावर कुंकवाची बोटं लावायचे. कुनी गेल्याचं पत्र असलं की ते कोरं यायचं, कुंकू न्हाय, वर देवाचं नाव न्हाय, आन् ते वाचून झालं की फाडून टाकायचे, घरात ठेवत नसत. त्यायचं मननं, बिनकुंकवाचं पत्र बघून पुतन्याचं काळीज चरकंल.

मेलला कोपरे नसतात. तरी म्या जुगाड केलं, वर एक मोठा ठिपका घातला, लाल केला, जागा सोडत सोडत पार उजवीकडं दुसरा घातला, खाली बी तसंच. बाबा खुश. तिथंच उभं राहून त्यायनी पुतन्याला फोन लावला.

"कुंकू आलं का रं?"

पुतन्या काय बोलला ते बाबानीच आमाला सांगितलं. तीन जागेवर आलेत, चौथं सरकून खालच्या वळीत उतरलंय.

"उतरू दे," बाबा मनले. "लागलंय न्हवं."

मी तवा हसले. पन मनात ते राहिलं. घरी जाताना मला वाटलं, आपन बी ह्यांच्या पत्राला कुंकू लावावं.

हे मंजी आनूचे, त्या झोळीतल्या लेकराचे, पप्पा. हे जहाजावर हायत. येरमाळ्याचं मानूस जहाजावर कसं गेलं ते लोक इचारतात. हे हायवेच्या ढाब्यावर सैपाक करायचे, हात चांगला होता, एका वळखीच्यानं मुंबईच्या एजन्सीचं सांगितलं, तिथनं कोर्स केला आन् जहाजाच्या सैपाकघरात मदतनीस मनून लागले. आनू पोटात होती तवा गेले. आनूला त्यायनी हातात घेतलेलं न्हाय.

करार पुरा केला की घरी येता येतं आन् एजन्सी पुना बोलावती. मधीच उतरलं तर पुना बोलावत न्हाईत. त्या आदी ढाबा सुटलेला, जमीन न्हाय, सासरे मामा थकलेले. मनून करार पुरा व्हायलाच पायजे, हे घरात समद्यायला पाठ होतं. मला बी.

जहाज जुनं हाय. बंदराला लागलं की ह्यांचा फोन येतो, पन समुद्रात असलं की फोन न्हाय, फकस्त जहाजाचा एक मेल असतो, साहेबाच्या कॉम्प्युटरवर. आपन पाठवलेलं साहेब छापून ज्याचं त्याला देतो. साहेब केरळचा, त्याला आपली अक्षरं वाचता येत न्हाईत, वरचं इंग्रजी नाव बघून देतो. ह्यांचं उत्तर बी हे मोबाइलवर लिहून साहेबाकडं देतेत आन् साहेब आपल्या हातानं धाडतो. हे जाताना बजावून गेले होते, फोटू लावू नको, जहाजाचं नेट तेवढं वजन उचलत न्हाय, समदं पत्रच माघारी जाईल. म्या एकदा बी फोटू लावला न्हाय. पन रंग मंजी काय फोटू न्हाय. असं मला वाटलं.

मंग मी दुपारी गिऱ्हाईक नसलं की लिहायची. आदी वर लाल ठिपका. मंग आनूचं समदं हिरव्या अक्षरात, ती पालथी पडली, ती रांगायली, ती झोळीतनं पाय भाईर काढती. घरचं निळ्यात, मामाचं गुडघं, आत्याचं बीपी. आत्या मंजी माझी सासू. आन् माझं काय असलं तर ते काळं.

आता ती एसची गोष्ट. आमच्यात नवऱ्यासंगं मोठ्यायपुढं पुरं वाक्य बोलत न्हाईत. कुनी शिकवत न्हाय, तसंच असतं. समजा मला मनायचंय की आज लवकर या. आत्या भाकरी थापायली, मामा दारात बसलेत. तर मी मनते, "आज तेवढं…" आन् चुलीकडं बघते. हे चप्पल घालता घालता थांबतेत, आन् मंग जातेत. पन त्या दिवशी लवकर येतेत. अर्धं वाक्य माझ्या तोंडातनं निघालेलं असतं, अर्धं गिळलेलं, आन् ह्यांला गिळलेलंच जास्ती ऐकू येतं. लगीन झाल्यापासून आमचं समदं बोलनं असंच झालंय.

मेलमधी चुलीकडं बघता येत न्हाय. मनून म्या तो एस वापरला. मनातलं लिहायचं आन् त्याच्या पोटातनं रेघ वढायची. मंजी मी बोलले, आन् गिळलं. ह्यांला कळलं पायजे की मनात आलं होतं, आन् हे बी कळलं पायजे की मी मागत न्हाय. लई आठवन येती, रेघ. संध्याकाळची पुन्याची गाडी स्टँडात आली की बघायला जाते, रेघ. ह्या येळी येडाईच्या यात्रंला एकटी गेले, रेघ. या की आता, रेघ. पत्रात दोन-चार तरी असायचेच. मला तेवढंच बरं वाटायचं, जसं त्यायच्या संगं एका खोलीत बसलेय.

त्यायची उत्तरं मातर कशी. जेवन बरं हाय. समुद्र शांत हाय. बाबाला, मंजी मामाला, गोळ्या घ्यायला सांग. आन् शेवटाला दर बारीला एक वाक्य, करार पुरा व्हायला इतके महिने ऱ्हायलेत, दम धर. माझ्या रंगाचं एक अक्षर न्हाय. कुंकवाचं न्हाय. रेघंचं न्हाय. मी ते पत्र घरी आत्याला आन् मामाला वाचून दाखवायची, त्यायला वाचता येत न्हाय. आत्या मनायची, शाना हाय माझा लेक, कसं मोजकं लिहितो. माझ्या मनात यायचं, एवढं हिरवं निळं करून धाडते, एकदा तरी मना की बघितलं. आन् दम धर कशाला मनतात, मी कुठं दम सोडलाय, म्या तर रेघ मारलीय.

त्या उत्तराच्या खाली तीन ठिपके असायचे, एका बारक्या डब्बीत. ते काय हाय ते मला माहीत न्हवतं आन् मी दाबत न्हवते. जे माहीत न्हाय ते दाबायचं न्हाय, हा माझा नियम.

मंग पावसाळ्यात आनू आजारी पडली. ताप उतरंना. कळंबला दवाखान्यात ठेवली, सलाईन लावायला हाताची शीर सापडंना, एवढासा हात, मी तिचा पाय धरून बसलेली आन् मला वाटलं, ह्यांनी हिला बघायच्या आदीच. पुढचं मी तवा बी मनात पुरं केलं न्हाय, आता बी करत न्हाय. ताप उतरल्यावर दुकानात आले आन् पत्र लिहिलं. लिहिलं की आनूला ताप आला होता. मला लई भ्या वाटायलंय, रेघ. माझ्याच्यानं एकटीच्यानं होत न्हाय, रेघ. काय बी करा पन तुमी आत्ताच्या आत्ता या, रेघ. आता ताप उतरलाय, डॉक्टरनं औषध लिहून दिलंय, काळजी करू नका. वर ठिपका लावला. पाठवलं. काळी पट्टी गेली. त्या बारीला लई हलकं वाटलं, सगळं बोलून झाल्यावानी.

उत्तर लवकर आलं. एवढं लवकर कवाच आलं न्हवतं. साहेबाला सांगितलंय. पुढल्या बंदरात उतरतो. तू भिऊ नको, मी येतोय. एवढंच.

मला आदी आनंद झाला. खोटं कशाला सांगू. खुर्चीत बसल्या बसल्या अंगावर काटा आला. मंग हिशेब ध्यानात आला. उतरतो मंजी करार गेला. एजन्सी गेली. पुना ढाबा, तो बी मिळाला तर. आन् हे समदं कशावरनं, मी तर सांगितलं होतं ताप उतरलाय, मी तर खोडलं होतं. मला कळंना की हे खोडलेलं धरून का चालले.

मामूला इचारलं. त्यायला समदं सांगता येत न्हवतं, खोडलेल्यात काय होतं ते कसं सांगनार. म्या एवढंच मनलं की मामू, म्या लिहिलेलं एक, ह्यांला कळलं दुसरंच. मामू चष्मा वर करून मनले, "वो तीन ठिपके दबा के देखी क्या? तुम भेजे सो खत उसके नीचे रहता. उनको कैसा मिला, दिखता."

दाबलं. खाली माझं पत्र उघडलं. पयल्यांदा मला ते माझं वाटलंच न्हाय. समदं काळं. हिरवं न्हाय, निळं न्हाय. वर कुंकू हाय पन काळं, काळा ठिपका, माशी बसल्यावानी. आन् मंग ती वाक्यं. रेघ कुठंच न्हवती. आनूला ताप आला होता, मला लई भ्या वाटायलंय, माझ्याच्यानं एकटीच्यानं होत न्हाय, काय बी करा पन तुमी आत्ताच्या आत्ता या, आता ताप उतरलाय. सरळ. ठनठनीत. एका बाईनं दारात उभं राहून वरडल्यावानी.

मामूनी समजून सांगितलं. जुन्या जहाजाचा मेल फकस्त अक्षरं घेतो. त्या फुलीच्या बटनानं जसं समदं उतरतं तसं तिकडं आपोआपच उतरतं, रंग बी, जाडी बी, रेघ बी. अक्षर तेवढं पोचतं. म्या मागची पत्रं उघडली, एकेकाखालचे ठिपके दाबत गेले. लई आठवन येती. स्टँडात बघायला जाते. एकटी गेले. या की आता. या की आता. या की आता. प्रत्येक पत्रात मी ह्यांला बोलावलेलं होतं. आन् प्रत्येक उत्तरात हे मनत होते दम धर. मला वाटायचं हे माझ्याशी बोलतच न्हाईत. हे तर मी बोललेल्या एकेका वाक्याला उत्तर देत होते.

मामू मनले, जो लिखना है जल्दी लिखो, जहाज बंदर को लगने के पहले. मंग ते उठून चहा आनायला गेले. चहावाला हाक मारली की येतो, तरी गेले. मला एकटीला बसू द्यावं मनून गेले, हे मला मागनं कळलं.

आता काय लिहायचं हे सोपं होतं. उतरू नका. एवढंच लिहायचं होतं. पन लिहायच्या आदी मला एक दिसायलं होतं, की हे उतरतील, मुंबईला येतील, मंग संध्याकाळच्या पुन्याच्या गाडीनं स्टँडात उतरतील, दुकानासमोरच, बॅग खांद्याला, आन् मी आनूला काखेत घेऊन काउंटरच्या भाईर. हे समदं व्हनार होतं. मी कायच केलं न्हाय तरी व्हनार होतं. मी गप बसले असते तर व्हनार होतं. आन् ते थांबवायला मीच लिहायचं, माझ्याच हातानं, आन् ह्या बारीला रेघ मारायची सोय न्हाय.

लिहिलं. 'आनू बरी हाय, खेळायली. मागच्या पत्रातली ती वाक्यं म्या खोडली होती, रेघ तुमच्याकडं पोचली न्हाय. उतरू नका. पुरं करून या.' रंग लावला न्हाय. जाड केलं न्हाय. ठिपका बी लावला न्हाय, काळा पोचतो मनून. मंग पाठवलं.

काळी पट्टी आली. माघारी घ्यायचं का, असं लिहिलेली. मी रोज बघते ती पट्टी, रोज वाटतं लवकर जाईल. त्या दिवशी ती जाईनाच. माझं बोट माउसवर होतं. झोळीतनं आनू उठली आन् कुरकुर करायली, म्या तिकडं बघितलं न्हाय. एस्टीचा हॉर्न वाजला. बोट उचललं न्हाय आन् दाबलं बी न्हाय. मंग पट्टी गेली. मामू चहा घेऊन आले आन् माझ्याकडं न बघता कप ठेवला.

बंदराला लागल्यावर फोन आला. मला वाटलं चिडतील. साहेबापुढं शोभा झाली, उतरतो मनून सांगितलं आन् पुना न्हाय मनलं. घरात समदे होते, मी फोन घेऊन भाईर वट्ट्यावर आले.

हे मनले, "मंजी ते खरं न्हवतं?"

"खरं होतं," म्या मनलं. "पन खोडलेलं होतं."

 तिकडं ह्यांच्या मागं कसली तरी मशीन वाजायली होती. मंग मनले, "लगीन झाल्यापासून तू पयल्यांदा पुरं बोललीस असं वाटलं मला. समदी पत्रं ठेवलीत म्या."

 म्या उगं काय तरी इचारायचं मनून इचारलं, ठेवलीत कुठं, काळी तर हायत, बिनकुंकवाची.

"काळी कुठं," ते मनले. "आईनं येडाईचं कुंकू बॅगत घालून दिलंय न्हवं. पत्र हातात आलं की मी आदी वर बोट लावतो. कोरं पत्र ठेवू नये मनते ती."

म्या वट्ट्यावर बसूनच घेतलं. तिकडं उतरलेला रंग हे दर पत्राला आपल्या हातानं लावत होते, आन् आमाला दोघायला बी माहीत न्हवतं.

फोन ठेवायच्या आदी हे मनले, "आता ते लिहायचं सोडू नको. न्हायतर तुझ्या पत्रात ऱ्हानार काय, बाबाचं गुडघं."

मंग आमी ठरवलं. रेघ पोचत न्हाय, पन कंस पोचतो. जे खोडलेलं समजायचं ते कंसात लिहायचं. वाचायचं, पन त्यावर बॅग भरायची न्हाय. तवापासून माझ्या पत्रात दोन-चार कंस असतात. दुकानात आता मी ह्या चौकटीला पयल्यापेक्षा जास्ती भिते. गिऱ्हाईक रंग मागतं, मी देते, पन इचारते, तिकडं कुठल्या मशिनीवर वाचनार हायत. लोकायला वाटतं ही कामून इतकी चौकशी करती. तुळजापूरच्या काकांला इचारलं तर ते मनले, त्यांचं त्यांच्यापाशी, तू लाल कर.

आता आनू उभी ऱ्हायली. काउंटरला धरून उभी ऱ्हाती आन् कीबोर्ड वढती, मागं एकदा एकाच्या मेलमधी एक सबंद ओळ कख कख घालून ठेवली. दिवाळीला हे येत न्हाईत. करार उन्हाळ्यात सरतो. हा अंक तुमच्या हातात येईल तवा जहाज कुठल्या समुद्रात असंल ते मला माहीत न्हाय, नकाशा बघितला तर भ्या वाटतं, समदं निळंच असतं.

परवा ह्यांचं पत्र आलं. संध्याकाळी घरी वाचून दाखवायली. आत्या लसूण सोलायली, मामा दारात. जेवन बरं हाय. आता थंडी पडायली. दिवाळीला जहाजावर करंज्या करनार हाय, साहेबानं मैदा दिलाय. आन् त्याच्या पुढं कंस होता. ह्यांनी आजपस्तोर कवा कंस घातला न्हवता. कंस माझे असायचे. म्या वाचता वाचता तिथं आले आन् थांबले, आन् चुलीकडं बघितलं, आन् पुढचं वाक्य वाचलं, बाबानी गोळ्या घ्याव्या.

आत्यानं लसनावरनं मान वर केली न्हाय. मनली, "मधी काय तरी गाळलंस."

म्या मनलं, "न्हाय आत्या, तिथं त्यायनीच खोडलंय."

आत्यानं हातातला लसूण खाली ठेवला. मंग मनली, "खोडलेलं बी वाच."

म्या वाचलं.

(घरी यावं वाटतंय.)